वेळासची कासवे

सुरतेच्या पांडेसऱ्यात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींची उन्हाळ्याची सुटी बहुधा खानदेशातील गावी, लग्नकार्यांत सरते. समुद्र हवासा वाटलाच तर जवळ डुमस आहे. परंतु ज्यांस दूर जाणे शक्य आहे, त्यांस आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचे नाव सुचवू. नाना फडणिसांचे हे मूळ गाव. आज मात्र लोक तेथे जातात ते कासवाची पिले समुद्रात शिरताना पाहावयास. हा सोहळा फाल्गुन-चैत्राच्या सुमाराचा. तेव्हा सुटीचा आरंभच साधला पाहिजे.

कासव आपणांस अपरिचित नाही. सभामंडपातील दगडी कासवास हात लावूनच आपण गाभाऱ्याकडे वळतो. कासवी नुसत्या दृष्टीने पिलांचे पोषण करते, हा दृष्टान्त संतवाङ्मयात जागोजागी आढळतो. प्रत्यक्षात समुद्रकासवीचा व्यवहार अगदी निराळा. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर चढते, मागच्या पायांनी वाळूत खड्डा करते, शंभरावर अंडी घालते, खड्डा बुजविते आणि निघून जाते. पिलांकडे पाहावयास ती पुन्हा येत नाही. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस अंडी उबविते ती वाळू. पिलू नर की मादी, हेही त्या उबेवरच ठरते.

खड्ड्यास राखणदार नाही, हे कोल्ह्याकुत्र्यांस ठाऊक होते, तसे माणसांसही होते. अंडी उकरून खाण्या-विकण्याचा प्रघातच होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या जातीस पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे संरक्षण सर्वांत कडक. तरी पुढली तीस वर्षे वेळासची अंडी जातच राहिली. मध्यरात्री निर्जन वाळूवर साक्षीदार कोठून मिळणार? मनाई करणे कायद्याच्या हाती असते. रात्री जागणे नव्हे.

ते काम गावाने केले. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी समुद्रगरुडांची पाहणी करीत असता त्यांस या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. २००२ मध्ये त्यांनी गावकऱ्यांस हाताशी धरून संरक्षण आरंभिले. अंडी हलक्या हाताने काढून जाळीच्या कुंपणात, तितक्याच खोल खड्ड्यात ठेवावयाची आणि बाहेर आलेली पिले समुद्राकडे सोडावयाची. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे उतरतात गावकऱ्यांच्याच घरी, जेवतात त्यांच्याच पंक्तीला. अंडे विकून एकदाच पैसा मिळे. जिवंत पिलू दरवर्षी पाहुणे आणू लागले. यात कोणास धर्मबुद्धी कमी वाटेल; आम्हांस तसे वाटत नाही. दगडी कासवास हात लावणारा समाजच ही अंडी खात होता, हे विसरून चालावयाचे नाही.

गोव्यातही मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे अशी राखण चालते.

वेळासला सकाळ-संध्याकाळ पिले सोडतात. दोरीच्या मागे उभे राहावे, विजेरी लावू नये. पिले उजेडाकडे वळून वाट चुकतात. एखादे दिवशी एकही पिलू निघत नाही. त्यावरून यजमानांशी वाद घालणारे पाहुणेही असतात; त्यांनी डुमसलाच जावे हे बरे.

जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेविले. अंडी घालून ती समुद्रात गेली, आणि पुढे उत्तरेस, गुजरातच्या समुद्राकडे गेल्याचे कळले.