परीक्षेतली इंग्रजी आणि चिनी परीक्षार्थी

टोफेल, आयल्ट्स किंवा जीआरई या परीक्षांना बसू पाहणारा चिनी विद्यार्थी तयारीचा प्रारंभ बहुधा शब्दसंग्रहाच्या जाडजूड पुस्तकापासून करतो. पुस्तक वर्णानुक्रमे लावलेले असेल, तर पहिल्याच पानावर त्याची गाठ 'अबॅन्डन' या शब्दाशी पडते. अबॅन्डन म्हणजे सोडून देणे. कित्येकांची तयारी या पहिल्या शब्दावरच संपते, हा चीनमधला प्रसिद्ध विनोद आहे. जीआरईच्या शब्दांचे लाल वेष्टनातले एक पुस्तक विद्यार्थ्यांत 'होंगबाओशू', म्हणजे 'लाल रत्नग्रंथ', या नावाने ओळखले जाते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात हेच नाव माओच्या वचनांच्या छोट्या लाल पुस्तकाला होते. एका पिढीने ज्या नावाचे पुस्तक क्रांतीसाठी पाठ केले, त्याच नावाचे दुसरे पुस्तक पुढच्या पिढीने अमेरिकेला जाण्यासाठी पाठ केले. दोहोंत समान काय, तर पाठ करणे.

या तयारीवर होणारी टीका आपल्या परिचयाची आहे. ही घोकंपट्टी आहे, यात भाषा नाही, युक्ती आहे, असे म्हटले जाते. ही टीका खोटी नाही. पण ती अपुरी आहे. चीनमध्ये परीक्षा ही भाषा मोजण्याची केवळ फूटपट्टी कधीच नव्हती. गद्य कसे लिहावे, कोणाच्या आवाजात लिहावे, विचार कोणत्या क्रमाने मांडावा, हे ठरवणारी ती एक वाङ्मयीन संस्था होती. इंग्रजीची परीक्षा तिथे पोहोचली ती या संस्थेच्या अंगणात. म्हणून तिचा इतिहास वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही वाचायला हवा, असे आम्हांस वाटते.

राजसेवेसाठी घेतली जाणारी चिनी परीक्षा सुमारे तेराशे वर्षे चालली आणि १९०५ मध्ये बंद झाली. तिच्या उत्तरार्धात, विशेषतः पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून, 'बागूवन्' म्हणजे 'अष्टपाद निबंध' हा तिचा मुख्य लेखनप्रकार झाला. कन्फ्यूशियन ग्रंथांतले एखादे वचन विषय म्हणून दिले जाई. आरंभीच्या दोन वाक्यांत विषय 'फोडायचा', मग तो उचलून धरायचा आणि पुढे समतोल, समांतर परिच्छेदांच्या जोड्यांतून तो विस्तारत न्यायचा. उमेदवाराने हे सारे प्राचीन ऋषींच्या वतीने, जणू त्यांच्याच मुखाने बोलायचे, असा दंडक होता. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हा परकायाप्रवेश होता. यशस्वी निबंधांचे संग्रह छापले जात, बाजारात खपत आणि उमेदवार ते मुखोद्गत करीत. आज 'अपेक्षित' प्रश्नसंच ज्या ओढीने विकत घेतले जातात, त्याच ओढीने तेव्हा हे संग्रह घेतले जात.

इंग्रजी या व्यवस्थेच्या पूर्णतः बाहेर होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कँटन बंदरात काही स्वस्त पुस्तिका मिळत. 'लाल केसवाल्यांची' व्यवहारातली बोली शिकवणाऱ्या या पुस्तिकांत रोमन अक्षर औषधालाही नसे. इंग्रजी शब्दाचा उच्चार जुळत्या ध्वनीच्या चिनी चित्राक्षरांनी दाखवलेला असे. नोकरचाकर, दलाल आणि दुकानदार यांची ही इंग्रजी. तिची परीक्षा गिऱ्हाइकासमोर होई. विद्वानाला तिच्याशी कर्तव्य नव्हते.

हे चित्र पालटले ते शस्त्राच्या बळावर. दुसऱ्या अफू-युद्धात झालेल्या १८५८ च्या त्यांजिन तहातले दोन अनुच्छेद भाषेच्या इतिहासात कळीचे आहेत. पन्नासाव्या अनुच्छेदाने ठरवले की अर्थाविषयी वाद निर्माण झाल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानावा. एक्कावन्नाव्याने, परकीयांसाठी वापरले जाणारे 'यी' हे चित्राक्षर ब्रिटिशांविषयीच्या चिनी सरकारी कागदपत्रांतून हद्दपार केले. ब्रिटिशांनी त्याचा अर्थ 'रानटी' असा लावला होता. एखाद्या शब्दावर तहनाम्याने बंदी यावी, हे भाषेच्या अभ्यासकांनी थांबून पाहावे असे उदाहरण आहे. अर्थाचा अंतिम निवाडा परभाषेत होणार असेल, तर ती भाषा दरबारालाच शिकणे भाग होते. १८६२ मध्ये बीजिंगमध्ये 'थोंगवन ग्वान' ही भाषाशाळा निघाली, ती या गरजेतून. अशा रीतीने दलालांची बोली राज्याच्या गरजेची भाषा झाली.

१९०५ मध्ये जुनी परीक्षा बंद झाली. परीक्षेची सवय मात्र गेली नाही. बॉक्सर उठावानंतर चीनवर लादलेल्या दंडातली जादा रक्कम अमेरिकेने परत करायचे ठरवले, आणि तिच्यातून चिनी विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवण्याची योजना १९०९ मध्ये सुरू झाली. त्यासाठी निवड-परीक्षा आली. १९१० च्या उन्हाळ्यात या परीक्षेला बसलेल्यांत हू शी हा अठरा वर्षांचा तरुण होता. त्याने पुढे आत्मकथनात सांगितलेला तपशील बोलका आहे. पहिल्या फेरीत चिनी निबंध आणि इंग्रजी असे दोन विषय होते. निबंधाचा विषय मेन्शियसच्या ग्रंथातला, कंपास आणि गुण्याविना वर्तुळ वा चौरस साधत नाही, या आशयाचा. हू शीने नीतिबोध बाजूला ठेवून ही दोन साधने मुळात केव्हा आली असावीत, याचीच पुराव्यानिशी चर्चा केली. परीक्षक नेमका तशाच अभ्यासाचा रसिक निघाला. चिनी निबंधाला १०० गुण मिळाले, इंग्रजीला ६०. दुसऱ्या फेरीतले इतिहास, प्राणिशास्त्र, पदार्थविज्ञान हे विषय ऐनवेळी घोकलेले असल्यामुळे जेमतेम गेले. निवडलेल्या ७० जणांत त्याचा क्रमांक ५५ वा लागला.

याचा अर्थ असा की, हू शी अमेरिकेत पोहोचला तो इंग्रजीच्या बळावर नव्हे, तर जुन्या चिनी पांडित्याच्या बळावर. आणि तिथून त्याने पाठवलेला, जानेवारी १९१७ मध्ये 'नवतारुण्य' या नियतकालिकात आलेला वाङ्मयसुधारणेविषयीचा लेख त्याच पांडित्याच्या भाषेवर उठला. ग्रांथिक चिनी सोडून बोलीच्या जवळच्या भाषेत लिहावे, उसनी अवतरणे आणि कृत्रिम समांतर रचना टाकाव्यात, या मागणीने आधुनिक चिनी साहित्याचा मार्ग मोकळा झाला. विशेष म्हणजे तो लेखही ग्रांथिक भाषेतच लिहिलेला होता. त्याच्या निवड-परीक्षेच्या गुणपत्रिकेवरून यातले काहीही ओळखता आले नसते.

इंग्रजीशी आलेल्या या संबंधाने लिखित चिनी भाषेतही बदल घडवले. बोलण्यात 'तो', 'ती' आणि 'ते' या तिन्हींसाठी 'ता' हा एकच ध्वनी आहे, आणि लिहिण्यातही पूर्वी एकच अक्षर चाले. इंग्रजीतल्या 'शी' या सर्वनामाचे भाषांतर कसे करावे, हा प्रश्न अनुवादकांना पडला. ल्यू बान्नोंग या कवी-भाषातज्ज्ञाने १९२० मध्ये स्त्रीवाचक खूण असलेल्या निराळ्या चित्राक्षराचा पुरस्कार केला. त्यावर वाद झाले; अखेर ते अक्षर रुळले. मात्र बदल झाला तो कागदावर. कानाला आजही एकच 'ता' ऐकू येतो. म्हणूनच आयल्ट्सच्या तोंडी परीक्षेत उत्तम तयारीचा चिनी विद्यार्थीसुद्धा आपल्या आईविषयी बोलता बोलता 'ही' म्हणून जातो. परीक्षकाच्या तक्त्यात ती एक चूक. वस्तुतः तिच्यामागे शंभर वर्षांचा भाषिक इतिहास उभा असतो. क्रियापदाचे तसेच. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही. काळ हा 'काल', 'उद्या' अशा शब्दांनी, प्रत्ययवजा अव्ययांनी आणि संदर्भाने कळतो. 'ए' आणि 'द' या उपपदांचा जाच तर मराठी भाषकालाही चांगलाच ठाऊक आहे.

१९४९ नंतर काही वर्षे रशियन भाषेला अग्रमान मिळाला. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि महाविद्यालयीन प्रवेश-परीक्षा थांबली. या काळातली एक घटना सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. जुलै १९७३ मध्ये हेनान प्रांतातील माजनफू येथील शाळेत पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेवर चार ओळी खरडल्या. आपण चिनी असताना परकी भाषा कशाला शिकायची, असा त्यांचा आशय होता. शाळेने तिला दोषी ठरवून सर्वांसमोर बोल लावला. तिने पाण्यात जीव दिला. पुढे सत्ताधाऱ्यांतल्या एका गटाने, विशेषतः माओची पत्नी ज्यांग छिंग हिने, हे प्रकरण राजकारणासाठी वापरले. शिक्षकांना तुरुंगवास घडला आणि इंग्रजी शिकवणे हेच अनेक ठिकाणी भयाचे काम झाले. त्या चार ओळी हे त्या उत्तरपत्रिकेतले बहुधा एकमेव स्वतःचे लेखन होते. शाळेने त्यात बेशिस्त पाहिली, राजकारणाने घोषणा पाहिली. लिहिणारी मुलगी कोणालाच दिसली नाही.

१९७७ मध्ये प्रवेश-परीक्षा पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि सुमारे २ लाख ७० हजार निवडले गेले. १९८१ मध्ये टोफेल चीनमध्ये आली. १९८२ पासून 'फॉलो मी' हा बीबीसीचा इंग्रजी पाठांचा कार्यक्रम चिनी दूरदर्शनवर लोकप्रिय झाला. १९८७ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची राष्ट्रीय परीक्षा आली. इंग्रजीमुळे प्रवेश-परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेस पेकिंग विद्यापीठात पोहोचलेला यू मिन्होंग हा शेतकऱ्याचा मुलगा तिथेच इंग्रजीचा अध्यापक झाला, नोकरी सोडून बाहेर पडला आणि १९९३ मध्ये त्याने 'शिन तोंगफांग', म्हणजे 'नवपूर्व', ही शिकवणीसंस्था काढली. अमेरिकन परीक्षासंस्थेने २००१ मध्ये तिच्यावर खटला भरला. प्रश्नपत्रिकांच्या स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचे २००४ च्या अंतिम निकालात मान्य झाले. भरपाईची रक्कम मात्र आधीच्या निकालापेक्षा घटली.

या वर्गांतली स्मरणतंत्रे पाहिली की कँटनच्या पुस्तिका आठवतात. 'ॲम्ब्युलन्स' हा शब्द 'आन् बू नंग स्स' असा लक्षात ठेवतात. अर्थ, 'मला मरून चालणार नाही'. कीड या अर्थीचा 'पेस्ट' म्हणजे 'फाय स्स ता', 'ठेचून मार त्याला'. 'इकॉनॉमी' म्हणजे 'यीखाव नोंगमिन', 'शेतकऱ्यांवर भिस्त'. हा पोरखेळ वाटेल. पण ध्वनीला अर्थ चिकटवल्यावाचून शब्द मनात राहत नाही, ही चित्राक्षरांत वाढलेल्या मनाची रीतच यात प्रकटते. परीक्षा देऊन आलेल्यांनी स्मरणातून जुळवलेल्या प्रश्नांच्या संग्रहाला 'जीजिंग' म्हणतात. यातला 'जिंग' म्हणजे प्राचीन धर्मग्रंथासाठीचा शब्द. संगणकावरच्या प्रश्नांचाही शेवटी ग्रंथ झाला. अशा संग्रहांमुळेच २००२ मध्ये चीनसह काही प्रदेशांत जीआरई संगणकावरून पुन्हा कागदावर आणावी लागली.

निबंधाविषयी एक समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ च्या प्रसिद्ध लेखात इंग्रजी परिच्छेद सरळ रेषेने आणि 'पौर्वात्य' परिच्छेद वर्तुळाकार वळणांनी दाखवला होता. चिनी विद्यार्थी मुद्द्यावर थेट येत नाही, हे वर्गावर्गांतले गृहीतक त्या आकृतीने दृढ केले. परंतु अष्टपाद निबंधात विषय पहिल्या दोन वाक्यांतच फोडावा लागे. टोफेलचा निबंधही २०२३ पर्यंत पहिल्या परिच्छेदात भूमिका मागत असे, मग कारणे आणि दाखले, शेवटी समारोप. विद्यार्थी साचे पाठ करतात ते तर्क परका आहे म्हणून नव्हे. परीक्षेचा निबंध कसा असतो हे त्यांच्या परंपरेला नको तितके ठाऊक आहे म्हणून. दोन्हीकडे उमेदवार आपल्या नसलेल्या मतांना आपला आवाज देतो.

या कथेतला उपरोध दुहेरी आहे. दंग स्सु-यू यांनी १९४३ च्या निबंधात पुराव्यानिशी दाखवले की, स्पर्धापरीक्षेने अधिकारी निवडण्याची कल्पना युरोपात रुजण्यामागे चीनचे उदाहरण होते. हिंदुस्थानातल्या सनदी नोकरीची खुली परीक्षा १८५५ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली, तेव्हा त्या चर्चेतही चीनचे नाव घेतले जात होते. चीनची परीक्षा अशी पश्चिमेला गेली, आमच्या पणजोबांच्या पिढीला इंग्रजीतून भेटली, आणि टोफेलच्या रूपाने घरी परतली. दलालाची बोली दरबारी झाली होती, तशी परीक्षेची इंग्रजी आता पुन्हा बाजारात गेली आहे. जुलै २०२१ मध्ये चिनी सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर कडक बंधने घातली. त्यानंतर 'नवपूर्व'चे शिक्षक इंटरनेटवरच्या थेट प्रक्षेपणातून शेतमाल विकू लागले, आणि २०२२ मध्ये विकता विकता इंग्रजी शब्दही समजावून सांगू लागले. लोक त्यांना पाहायला लोटले. गुण मिळणार नसताना, परीक्षा नसताना लोक इंग्रजीचा धडा ऐकत बसले होते.

म्हणून घोकंपट्टीची निंदा करून आपली सुटका होणार नाही. परकायाप्रवेश हा भाषाशिक्षणाचा अपरिहार्य टप्पा आहे. दुसऱ्याची वाक्ये तोंडात घोळवल्यावाचून कोणालाच परभाषा आलेली नाही. प्रश्न परतीच्या वाटेचा आहे. हू शीला ती वाट सापडली, कारण परीक्षेनंतर त्याला वाचायला, वाद घालायला आणि आपल्या भाषेकडे नव्याने पाहायला अवकाश मिळाला. माजनफूच्या मुलीला तो मिळाला नाही. गुणपत्रिका या दोघांतला फरक सांगू शकत नाही. तो सांगण्याची जबाबदारी भाषा शिकवणाऱ्यांवर येते, मग ती भाषा कोणतीही असो.