सुतार हे नाव कुणी टाकलं, कुणी उचललं

मुंबई-पुण्याच्या लाकडाच्या वखारीत गेलात तर आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला आजही 'सीपी टीक' म्हणतात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्यप्रांत. तो प्रांत १८६१ मध्ये झाला, १९५० मध्ये त्याचा मध्य प्रदेश झाला, १९५६ मध्ये विदर्भ त्यातून बाहेर पडला. प्रांत गेला, पण लाकडाचं नाव राहिलं. दुसरं नाव 'बल्लारशा'. गाव बल्लारपूर, रेल्वे स्टेशन बल्हारशाह आणि माल जातो स्टेशनच्या नावानं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून जो साग वाजतगाजत गेला, तो हाच.

आता आमच्या जिवतीचं ऐका. हा माणिकगडचा डोंगराळ भाग जुन्या राजुरा तालुक्यातला. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला आला. चांद्याचं चंद्रपूर झालं त्यानंतर, १९६४ च्या सुमारास. म्हणजे जिवतीच्या डोंगरावरचा साग एक दिवसही सीपीत नव्हता. पण वखारीत कोण विचारतंय? तिथं जे नाव लागलं ते लागलं.

हे सगळं डोक्यात यायचं कारण साधं आहे. हौसेनं लाकूडकाम करणाऱ्या काही मंडळींच्या गटात मी आहे. बँकेतले लोक आहेत, दोन डॉक्टर आहेत, बरेचसे इंजिनिअर आहेत. मोबाईलवर एकमेकांना स्टुलाचे, पेटीचे, पोळपाटाचे फोटो पाठवतो. गंमत म्हणजे सागाच्या जिल्ह्यात राहून यातले निम्मे पॅलेट फोडून निघालेल्या परदेशी पाईनवर काम करतात, कारण साग परवडत नाही. तर तिथं टूम निघाली की खरी नावं बाजूला ठेवू, प्रत्येकानं एक टोपणनाव घ्यावं. दोन दिवसांत सहा जणांनी 'सुतार' घेतलं. हौशी सुतार, रविवारचा सुतार, सुतार साहेब, सुतारपक्षी वगैरे. माझं नाव काही ठरेना. मित्र म्हणाले, अरे एवढा काय विचार करतोस, नाव तर घ्यायचंय.

विचार यासाठी, की आमच्या घरात हे नाव एकदा पैसे भरून सोडलेलं आहे.

आधी थोडा इतिहास. 'सुतार' आला 'सूत्रधार' वरून, म्हणजे सूत धरणारा, दोरीनं माप घेणारा. 'वाढई' आणि 'बढई' आले संस्कृत 'वर्धकि' वरून, कापणारा. 'मिस्त्री' हा पोर्तुगीज 'मेस्त्रे'चा वंशज, म्हणजे उस्ताद. 'खरादी' फारसी-अरबीतून आला, चरकावर लाकूड फिरवणारा. आमच्या तालुक्याची हद्द ओलांडून तेलंगणात उतरलात की तोच माणूस 'वड्रंगी' होतो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले, त्यात सुतार, खरादी, मिस्त्री या सगळ्यांना 'बढई' या एकाच नोंदीखाली बसवलं आहे. दोरी धरणारा, कापणारा, उस्ताद, सगळे एका खणात.

ही नावं कारागिरानं निवडलेली नाहीत, हे लक्षात घ्या. बारा बलुतेदारांत सुतार हा पहिल्या मानाचा. नांगर, वखर, डवरा, तिफन, बंडी सगळं त्याच्या हातचं. खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) मध्ये ही सगळी व्यवस्था तपशिलानं आली आहे. पण त्या व्यवस्थेत त्याला हाक कशी मारायची? 'सुतार' म्हणूनच. काम हेच नाव, आणि तेच नाव पोराला. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं निर्मळ पोनिकीच्या हलक्या लाकडाच्या खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे, तिथले कारागीर 'नकाशी'. सावंतवाडीची लाखेची खेळणी करणारे 'चितारी'. खेळण्याला गावाचं नाव मिळालं, करणाऱ्याला धंद्याचं.

आणि आपल्याच डोंगरावर बघा ना. आपण 'कोलाम' म्हणतो, ते स्वतःला 'कोलावर' म्हणतात. आपण 'गोंड' म्हणतो, ते स्वतःला 'कोयतूर' म्हणतात. सरकारी कागदावर मात्र शेजाऱ्यानं दिलेलं नाव चढलं.

स्वतःचं नाव स्वतः ठरवायची धडपड कारागीर जातींनी केली नाही असं नाही. १९०१ च्या जनगणनेत रिस्ली साहेबानं जातींची सामाजिक उतरंड लावायचा घाट घातला आणि देशभरातून अर्जांचा पाऊस पडला. आम्हाला अमुक म्हणा, तमुक लिहू नका. सुतार-लोहारांच्या सभा भरल्या. 'विश्वकर्मा' लिहा, 'पांचाळ' लिहा अशा मागण्या झाल्या. पुढच्या दोन-तीन जनगणनांत हेच चाललं. आज ते अर्ज वाचून काहींना हसू येतं. मला येत नाही. ज्याला नाव बदलून माणुसकी मिळण्याची आशा वाटते, त्याच्याकडं दुसरे मार्ग किती उरले असतील?

आमच्या घरचं सांगतो. आजोबा नांदेडकडचे. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जी कुटुंबं या डोंगरावर आली, त्यातलं एक आमचं. आजोबा वाकस, पटाशी, करवत आणि रंधा एका गोणपाटात बांधून आले. इथं आल्यावर पहिली काही वर्षं बंडीच्या कामावर घर चाललं. कण्याला धावड्याचं लाकूड, तेच टिकतं, असं ते म्हणायचे. मग लोखंडी अवजारं आली, ट्रॅक्टर आला, काम आटलं.

वडील शिकले, एका कार्यालयात कारकून झाले. आडनाव 'सुतार'. पहिल्याच महिन्यात साहेबांची मोडकी खुर्ची त्यांच्या टेबलापाशी आणून ठेवली. मग कपाटाचं दार. मग कुणाच्या घरचा पाट. "अहो सुतार, बघा जरा." वडिलांना लाकूडकाम येत होतं, म्हणून तर जास्त लागायचं. त्यांनी खुर्ची दुरुस्त केली, प्रतिज्ञापत्र केलं, वर्तमानपत्रात जाहिरात दिली, राजपत्रात नाव छापून आणलं. मूळ गावाच्या नावाला 'कर' जोडलं आणि 'सुतार' सोडलं. मराठी माणसाला गावाचं नाव लावून निसटण्याची ही एक बरी सोय आहे.

पण गोष्ट तिथं संपली नाही. बहिणीच्या ॲडमिशनला जातीचा दाखला आणि वैधता हवी होती. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. अनुसूचित जातींसाठी १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१. जिवतीत मराठवाड्यातून आलेल्या शेकडो कुटुंबांना हा फेरा माहीत आहे. १९६७ ला आपण इथं नव्हतोच, मग पुरावा कुठला? जायचं परत मूळ गावी. निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दूत, काही मोडीत. वडील आठ खेपा करून आले. शेवटी आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मिळाला. त्यावर एकच शब्द कामाचा होता. सुतार. मग हा 'सुतार' आणि हा 'कर' एकाच रक्ताचे आहेत हे सिद्ध करायला तेच जुनं राजपत्र शोधून जोडावं लागलं. जे नाव पुसायला पैसे भरले, तेच शोधायला पुन्हा पैसे भरले.

म्हणून गटात सहा सुतार झाले तेव्हा मला राग नाही आला, पण हसूही आलं नाही. डॉक्टरनं रविवारी 'सुतार' व्हायचं आणि सोमवारी पुन्हा डॉक्टर. त्याला कुणी मोडकी खुर्ची आणून देणार नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्रानं पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा व्यवसाय, यादीत पहिला सुतार. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, पाच टक्क्यांनी तीन लाखांपर्यंत कर्ज दोन टप्प्यांत, आणि 'विश्वकर्मा' लिहिलेलं ओळखपत्र. शंभर वर्षांपूर्वी ज्या नावासाठी अर्ज केले जात होते, ते आता सरकार कार्डावर छापून देतंय. बरं आहे, पण कुटुंबात एकालाच. आणि दारं-खिडक्या तयार मिळणाऱ्या बाजारात त्या कार्डवाल्याला काम कोण देणार, हा प्रश्न कार्डावर छापलेला नाही.

टोपणनाव हौसेनं घ्यायची चैन आपल्याकडं लेखकांनी केली. राम गणेश गडकरी कवितेला 'गोविंदाग्रज' आणि विनोदाला 'बाळकराम'. शिरवाडकर 'कुसुमाग्रज'. आपल्या नागपूरचे माणिक गोडघाटे 'ग्रेस'. नारायण मुरलीधर गुप्ते तर नुसते 'बी'. एका माणसाला दोन नावं, दोन कामांसाठी. पण भोसल्यांच्या काळातले वाड्यांचे कोरीव खांब बघायला आपण जातो, तेव्हा कोरणाऱ्यांची नावं कुणी सांगितली का आपल्याला?

लाकडाची ओळख मात्र चोख ठेवली जाते. डेपोतल्या ओंडक्यावर वनविभागाचा हॅमर असतो, नंबर असतो, लांबी-गोलाई असते. व्यापाऱ्याच्या मालकी खुणेची नोंदणी करायची तरतूद १९२७ च्या वन कायद्यात आहे. आणि त्याच कायद्याचं कलम ६३ म्हणतं की लाकडावरची खूण खोटी मारली किंवा पुसली तर दोन वर्षांपर्यंत कैद. ओंडक्याचं नाव पुसलं तर गुन्हा. आमच्या तालुक्यातली चौदा गावं दोन राज्यांच्या मतदार यादीत आहेत. तिथल्या माणसाच्या खिशात दोन राज्यांची कार्डं, आणि नेमका कुठला ते अजून ठरायचंय.

मी शेवटी 'धावडा' घेतलं. या डोंगरावर भरपूर आहे. शोभेच्या कामाला कुणी विचारत नाही, पण कणा त्याचाच करायचे. 'सुतार' घेणाऱ्या सहा जणांना मी नाव बदला म्हटलं नाही. एवढंच लिहिलं की पुढच्या महिन्यात पाईन विकत घेण्याऐवजी आपल्या गावातल्या खऱ्या सुताराकडं एक दिवस बसा, त्याला त्या दिवसाची मजुरी द्या, आणि फोटो टाकताना त्याचं नाव लिहा. पूर्ण नाव, त्याला विचारून. दोघांनी हो म्हटलंय.

आणि जिवतीकरांनो, एक काम. घरात आजोबा-पणजोबांचा निर्गम उतारा, जुना सातबारा, खासरा, जे काही असेल ते उदईच्या तोंडी जाण्याआधी मोबाईलवर नीट फोटो काढून ठेवा. मोडी किंवा उर्दूत असेल तर फेकू नका. त्यावर तुमच्या माणसाच्या नावापुढं काय लिहिलंय, तेही वाचून घ्या.