धाव आणि पॅकिंग

कारखान्यातून आलेला, धूर बाहेर नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड काढून इंजिनाला सुट्या नळ्यांचा हेडर बसवला की पहिली कुरबूर सांध्याची असते. हेड आणि फ्लँजच्या मधून धूर फुसफुसतो, गार इंजिन टिकटिकत सुरू होते आणि मग कोणी तरी नळीभर सीलंट फासतो. अशीच हाताने केलेली जुळणी एकदा बातमी झाली: कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बांधलेली, किकने सुरू होणारी छोटी जीप डिसेंबर 2021 मध्ये देशभर गाजली आणि उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. तेव्हा जो तो ‘जुगाड’ म्हणून मोकळा झाला. हा शब्द या मुलखाला न्याय देत नाही. इंजिनाचा तापणारा सांधा बंद करण्याची जाण उपजत नसते. या भागात ती मोटारींनी आणली असेही मला वाटत नाही. ती आली असावी विहिरीवरून.

यावर आक्षेप सोपा आहे: लोखंड तापल्यावर काय करते हे गावच्या लोहाराला कोणत्या इंजिनाने शिकवायला हवे होते? बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना तो ती मुद्दाम चाकापेक्षा जराशी लहान करी, शेणीच्या आरात लाल करून फुगवी, चाकावर बसवी आणि वर पाणी ओती. आवळलेली धाव आरे, पुठ्ठे सगळे जखडून टाकी. हे ज्ञान पक्के होते, पण ते उलट्या बाजूचे होते. धाव एकदा आवळली की पुन्हा तापायची नसते. हेडर मात्र दर फेरीला तापतो आणि निवतो. अर्ध्या मीटरची पोलादी नळी पाचशे अंशांनी तापली तर सुमारे 3 मिलिमीटर वाढते. तिच्या फ्लँजला जे हेड धरून असते ते अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर तेवढ्याच तापमानवाढीत ते जवळपास दुप्पट वाढू पाहते. दोन्ही अंगे एकमेकांवर सरकत राहतात. शिवाय लोहाराचा सांधा कायमचा, तर फिटरचा सांधा उद्या उघडायचा. हा फरक भात्यापाशी कळत नाही.

तो कळायला पंप लागला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसवली. आज ती कडेगावला लागूनच असलेल्या पलूस तालुक्यात येते. तिथे सुरुवातीला बनणाऱ्या लोखंडी नांगरात बंद ठेवण्याजोगे काही नव्हते. पंपाबरोबर मात्र दांड्याभोवती आवळायची ग्लँडची दोरी आली: फार आवळली तर दांडा खाते, सैल सोडली तर पंप पाणी धरत नाही, म्हणून थेंब थेंब गळू द्यायची. पुढे 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि वीज पोहोचण्याआधीच डिझेल इंजिने विहिरींवर धडधडू लागली. येरळेच्या काठच्या अवर्षणी पट्ट्यात ऐन पाळीला इंजिन बंद पडणे म्हणजे पीक हातचे जाणे. शहरातून मिस्त्री येईपर्यंत थांबायला सवड कोणाला? सायलेन्सरचा फ्लँज काचेवर घासून सपाट करणे, तांब्याचे वॉशर लाल करून मऊ करणे, नट समोरासमोरचे क्रमाने आवळणे आणि इंजिन एकदा तापून निवल्यावर ते पुन्हा आवळणे ही सगळी शिस्त अशा इंजिनांवर सहज शिकता येते, आणि हेडरला हीच लागते.

सीलंटवाले म्हणतील, आता एवढा खटाटोप कशाला? पण साधा सिलिकॉन तीनशेच्या आसपासच्या अंशांना हात टेकतो, आणि पेट्रोल इंजिन जोरात चालताना त्याचा धूर सातशेच्याही वर जातो. वाकडा फ्लँज लेपाने सरळ होत नाही. दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो वजनदार आहे: मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. मान्य. मात्र मूळ मॅनिफोल्डचा सांधाही फुटतोच. नव्या गाडीत तो फुटला तर दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सर फसतो आणि इंजिन विनाकारण जास्त इंधन पिते. तेव्हा हे कसब शौकिनांपुरते नाही.

कौतुकाला एक काळी बाजू आहे. सांध्यात घालायचे जुने पॅकिंग अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्याचे असे. पत्रा फ्लँजवर ठेवायचा, गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने ठोकत जायचे, की भोकांसकट नेमका आकार सुटून येई, आणि हातांवर बारीक पांढरी धूळ बसे. ती छातीतही जात होती. भारतात 1986 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे थांबले, आयात मात्र चालूच राहिली. तोंडाला फडके न बांधता पत्रा ठोकणे ही त्या काळच्या हाताची सवय होती.