संबंधीय डेटाबेसमधील अधिकारांची परंपरा

एखाद्या उपयोजकास अमुक कोष्टक वाचण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु तो अधिकार कोणी व केव्हा दिला, हे जाणल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधीय प्रतिमान मांडले. त्यावर आधारलेल्या आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’साठी पॅट्रिशिया ग्रिफिथ्स व ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ साली अधिकारदानाची पद्धती सिद्ध केली. कोष्टकाचा निर्माता इतरांस अधिकार देई. तो पुढे देण्याची मुभाही त्यांस देता येई. प्रत्येक दानाची नोंद दाता, ग्रहीता व काल यांसह होई. एखादे दान मागे घेतल्यास ते मुळी झालेच नव्हते असे मानून, केवळ त्यावरच विसंबलेली पुढील दानेही रद्द होत. मात्र त्याच दात्याने त्याच ग्रहीत्यास तोच अधिकार पुन्हा दिल्यास त्याची निराळी नोंद राहत नसे. त्यामुळे न्याय्य अधिकारही नाकारला जाऊ शकतो, हे रोनाल्ड फॅगिन यांनी १९७८ साली सोदाहरण दाखविले व प्रत्येक दान स्वतंत्रपणे नोंदण्याची सुधारणा सुचविली. नोंद अपुरी असेल तर पडताळणी कितीही काटेकोर असली तरी निर्णय चुकतो, हेच या सुधारणेने सिद्ध केले.