मोहफुलांचा सडवा : परंपरा आणि दारूबंदी

फळांचा रस आंबवून घरगुती मद्य करण्याची पद्धत जगभर आढळते. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात फळांची जागा मोहाच्या फुलांनी घेतली आहे. माडिया गोंड समाजात देवपूजा, पंडुम, लग्न आणि अंत्यविधी या प्रसंगी मोहाच्या दारूला परंपरेने स्थान आहे.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मांसल फुले वेचून उन्हात वाळविली जातात. वाळलेल्या फुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. फुले पाण्यात काही दिवस भिजत ठेवली की यीस्ट या साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते. या आंबलेल्या मिश्रणाला सडवा म्हणतात. बिअर वा वाइनची प्रक्रिया येथेच थांबते. सडवा मात्र भट्टीवर उकळून त्याची वाफ थंड केली जाते आणि तीव्र दारू मिळते.

घरगुती वापराची दारू विक्रीसाठी गाळली जाऊ लागली, तेव्हा प्रश्नाचे स्वरूप बदलले. व्यापारी हातभट्टीत गूळ आणि नवसागर यांचाही वापर होतो. मेथिल अल्कोहोलची भेसळ तर जीवघेणी ठरते. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले.

व्यसनाने संसार उद्ध्वस्त होत असल्याने गडचिरोलीत दारूबंदीसाठी लोकचळवळ उभी राहिली. त्यात महिलांचा सहभाग मोठा होता. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. गडचिरोलीत ती कायम आहे. त्यामुळे येथे घरी दारू गाळणे हाही गुन्हा ठरतो.

मात्र मोहफूल म्हणजे केवळ दारू नव्हे. ते अन्न आहे आणि उन्हाळ्यातील रोख उत्पन्नाचे साधनही आहे. फुलांवरच निर्बंध आणण्याचा मार्ग इंग्रजी राजवटीने १८९२ च्या मुंबई मोहरा कायद्याद्वारे अवलंबिला होता. याउलट १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी आणि मादक पदार्थांवर बंदी वा नियंत्रण घालण्याचा अधिकार, हे दोन्ही देण्याची तरतूद केली. एटापल्ली तालुका याच क्षेत्रात मोडतो. फुलाचे मोल राखून व्यसनाला आवर घालण्याचे काम त्यामुळे प्रामुख्याने ग्रामसभेकडे येते.