१८९८ चे खग्रास ग्रहण आणि प्रकाशचित्रातील रंगाचा प्रश्न

दिनांक २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर आली आणि सोलापूरकडील जेऊर, वऱ्हाडातील तळणी, पुढे पुलगाव असा मार्ग आक्रमून ईशान्येस गेली. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. कोणती प्लेट वापरावयाची हे आधीच ठरवून ठेवणे भाग होते.

रंगीत प्लेट बाजारात सुलभ झाली ती १९०७ नंतर. साधी प्लेट निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देई. हिरव्याला ती जवळजवळ आंधळी असे. रंजकद्रव्य मिसळून हे आंधळेपण घालविता येते, हे व्होगेल यांनी १८७३ मध्ये दाखविले होते. हा तपशील क्षुल्लक नव्हे. सूर्याच्या किरीटाची प्रमुख वर्णरेषा नेमकी हिरवी आहे. १८६९ च्या ग्रहणात ती डोळ्यांनी दिसली आणि वर्णगोलातील लोहाच्या सुमारे ५३१७ अँगस्ट्रॉमच्या रेषेशी ती एकरूप मानली गेली. हा समज जवळजवळ तीस वर्षे टिकला. १८९८ साली विजयदुर्गास लॉकियर आणि जेऊरला लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनी केलेल्या कामावरून ती ५३०३ च्या आसपास ठरली. (१८६८ मध्ये लॉकियरांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला ही लोकप्रिय कथा मात्र टिकत नाही, त्या वर्षी ते इंग्लंडातच होते.) तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची ही रेषा, हे एडलेन यांनी १९४० च्या सुमारास सिद्ध केले.

पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला जेऊरला होते, तर तळणीस एव्हरशेड लोलकयुक्त कॅमेरा घेऊन आले होते. अशा कॅमेऱ्यात रंग हा रंग म्हणून उमटत नाही, प्लेटवरील स्थान म्हणून उमटतो. एकरंगी प्लेटचे खरे सामर्थ्य येथे आहे. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली व तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. एव्हरशेड तेथे १९०७ पासूनच होते.

आजच्या रंगीत कॅमेऱ्यात, बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटानुसार, निम्मे बिंदू हिरव्या गाळणीखाली आणि प्रत्येकी चतुर्थांश तांबड्या व निळ्या गाळणीखाली असतात. हायड्रोजनची ६५६३ अँगस्ट्रॉमची तांबडी रेषा टिपताना त्यामुळे चारांतील एकच बिंदू कामी येतो. एकरंगी कॅमेऱ्यात सर्व येतात, परंतु रंगासाठी गाळण्या बदलून वेगवेगळी चित्रे घ्यावी लागतात. गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधाच्या काठी हिवाळ्यातील दीर्घ रात्री तेजोमेघ टिपणाऱ्यास ही सवड असते. जेऊरच्या दोन मिनिटांत ती कोणालाच नव्हती.