९ डिसेंबर १८८९ : पुण्यात पशुरोग-संशोधनाचा आरंभ

९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इम्पीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. संसर्गजन्य रोगांचे जंतू भरवस्तीत बाळगणे धोक्याचे असल्याने १८९३ मध्ये तिचे बिऱ्हाड कुमाऊंच्या पहाडात, मुक्तेश्वरला, हलले. इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच.

ज्या बुळकांडीने तोंडात व्रण पडून, डोळ्यांना धारा लागून आणि ढाळांनी खंगून भरल्या गोठ्यातील गुरे पाहता पाहता आडवी होत आणि गरीब रयतेची औते ऐन हंगामात बंद पडत, तिचा विषाणू एका शेळीतून दुसरीत असा वारंवार संक्रमित करून गुरांपुरता सौम्य करण्याचे आणि त्याचीच लस सिद्ध करण्याचे कार्य १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी मुक्तेश्वरी केले, हेच आमच्या मते या दिवसाचे खरे माहात्म्य होय. २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर असा समूळ नाहीसा झालेला हा दुसराच रोग. लाळ्या-खुरकुताचे निर्मूलन मात्र अद्याप व्हावयाचे आहे. तेव्हा पशुपालकांनी सरकारी दवाखान्याची लसीकरणाची तारीख चुकवू नये.